आफ्रिकेच्या माळावर एक पशुवैद्य



वसंत व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा मी त्यांना आधीच बजावले की, मी वक्ता नव्हे. माझा सारा जन्म गुरांची दुखणी पाहण्यात गेला. ज्यांना उलटून बोलता येत नाही, अशांच्या सहवासात राहिल्याने माझी जीभ जडच राहिली. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, आमचे श्रोतेही उलटून बोलत नाहीत, फक्त मधूनच उठून जातात." गुरेही तेच करतात. तेव्हा मला धीर आला आणि मी होकार दिला.

विषय प्रवासाचा आहे. २०१२ सालच्या फेब्रुवारीत आम्ही उभयता पूर्व आफ्रिकेत टांझानियाला वन्य पशू पाहण्यासाठी गेलो होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, आयुष्यभर आजारी जनावरे पाहिलीत, आता चार दिवस धडधाकट पाहून या." तिकिटे त्यानेच काढली. जाण्यापूर्वी पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते. लाखभर जनावरांना सुई टोचणारा हा मनुष्य स्वतःचा दंड पुढे करताना डोळे मिटून बसला, हे आमच्या सौभाग्यवतींनी आजवर सर्व नातेवाइकांना सांगून झाले आहे. आपणांस सांगायचे राहिले होते, ते मीच सांगून टाकतो.

आम्ही नैरोबीला उतरलो आणि तेथून मोटारीने नमांगा या सरहद्दीच्या गावावरून अरुशा शहरी आलो. परक्या मुलखात पाऊल ठेवताना मनावर दडपण असते, परंतु तेथील स्वाहिली भाषेने ते हलके केले. दुकानाला तेथे 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी' म्हणतात, चपातीला तर 'चपाती'च म्हणतात. ज्या 'सफारी' शब्दाचा जगभर एवढा बोलबाला आहे, तो मुळात अरबी 'सफर' होय, आणि तो आपण मराठीत शतकानुशतके वापरीत आहोत. शेकडो वर्षे अरबी समुद्रावरून गलबते ये-जा करीत होती. माल उतरला, तसे शब्दही उतरले. मालाबरोबर आणखीही काही उतरते, ते पुढे सांगेन.

आमचा सारथी चाळिशीचा, मितभाषी गृहस्थ होता. त्याने आम्हांला प्रथम न्गोरोन्गोरोच्या काठावर नेले. एका प्राचीन ज्वालामुखीचा माथा आत कोसळून तेथे प्रचंड कढई तयार झाली आहे. काठावरून तळ सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. वरून पाहिले तेव्हा खाली मुंग्या पसरल्यासारखे काळे ठिपके दिसले. दुर्बिणीतून पाहिले तर ते रानरेडे! सौभाग्यवती म्हणाल्या, "देवाने परातीत मांडून ठेवले आहे सगळे." याहून चांगले वर्णन मी पुढे कोणत्याही पुस्तकात वाचले नाही.

त्या काठावरच दगडांचा एक साधा चौथरा आहे. बर्नहार्ड ग्झिमेक या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाची आणि मिखाएल या त्याच्या मुलाची ती समाधी. हे दोघे पट्टेरी रंगवलेल्या लहान विमानातून सेरेंगेटीच्या माळावरील जनावरांची मोजदाद करीत. १९५९ च्या जानेवारीत विमान कोसळले आणि मिखाएल गेला. बापाने दुःख गिळून काम पुढे नेले. 'सेरेंगेटी मरता कामा नये' अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक आणि चित्रपट जगभर गाजले. बर्नहार्ड स्वतः १९८७ साली वारला आणि मुलाशेजारी विसावला. हे ग्झिमेक पशुवैद्य होते, हे कळल्यावर मी टोपी काढून दोन मिनिटे उभा राहिलो. आमच्या धंद्यातली माणसे सहसा समाधीपर्यंत पोचत नाहीत.

आता सिंहांविषयी. सिंह पाहिले काय, असे मला अजून विचारतात. पाहिले, सतरा पाहिले. त्यांपैकी सोळा झोपले होते. सिंह दिवसाचे वीस तास लोळून काढतो. दुपारी गावच्या पारावर जी मंडळी आडवी झालेली असतात, त्यांत आणि वनराजांत मला फारसा भेद दिसला नाही. एका झाडावर बिबट्या दिसला, तर त्याच्याभोवती पंचवीस मोटारी जमल्या. यात्रेत देवापेक्षा माणसांचीच पाठ अधिक दिसते, तसा प्रकार झाला. बिबट्याची शेपटी तेवढी मला दिसली. ती उत्तम होती.

परंतु मी ज्यासाठी आज उभा आहे, ते यातले नव्हे. न्गोरोन्गोरोच्या पलीकडे न्डुटू नावाचा भाग आहे. तेथून सेरेंगेटीचा माळ सुरू होतो. 'सेरेंगेटी' हा शब्द मसाई भाषेतून आला. अर्थ, जिची सीमा दिसत नाही अशी भूमी. राष्ट्रीय उद्यानाचेच क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेच्या या भागात जवळच्या ज्वालामुखीची राख शतकानुशतके पडली आहे. तिच्यामुळे गवत आखूड, पण चुनखडी आणि स्फुरद यांनी सकस. म्हणून लाखो वाइल्डबीस्ट विण्यासाठी येथे येतात. या प्राण्याला स्वाहिलीत 'न्युंबू' म्हणतात. शिंगे म्हशीची, दाढी बोकडाची, शेपूट घोड्याची आणि चाल मद्यप्याची, असा तो प्राणी आहे. देखणा मुळीच नाही. पण क्षितिजापासून क्षितिजापर्यंत तेच, आणि त्यांचे हंबरणे चारी दिशांनी कानी येते, तेव्हा रूपाचा विचार मनात राहत नाही.

त्यांच्या बहुतेक माद्या तीन आठवड्यांच्या आत एकदमच वितात. तरस, सिंह किती खाणार? थोडी पिले जातात, पुष्कळशी वाचतात. आमच्यापासून वीस पावलांवर एक मादी आडवी झाली. मी सवयीने घड्याळ पाहिले. पिलू जमिनीवर पडल्यापासून सातव्या मिनिटाला ते चार पायांवर उभे होते आणि थोड्याच वेळात आईमागे धावत होते. आपल्या गाईचे वासरू उभे राहायला अर्धा-पाऊण तास घेते. चाळीस वर्षे गोठ्यात बाळंतपणे केलेला मनुष्य मी, मला तेथे करायला काही काम नव्हते. फार समाधान वाटले.

सारथी म्हणाला, "हे सगळे असेच पूर्वीपासून आहे, असे पाहुण्यांना वाटते. माझ्या वडिलांच्या तरुणपणी एवढे नव्हते." हे ऐकून मी चमकलो. कारण पुढची गोष्ट मला ठाऊक होती, पण ती कागदावरची. समोरचा कळप पाहताना ती पहिल्यानेच मला खरी वाटली.

श्रोतेहो, आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना 'बुळकांडी' हा शब्द आठवत असेल. गुरांना जोराचा ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, तोंडात फोड येतात, मग दुर्गंधी ढाळ लागतात, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे होते. १९५६ साली मी आठ वर्षांचा होतो. आमच्या दारची बैलजोडी एका आठवड्यात गेली. आईने मरीआईला नवस बोलून पाहिला. त्या वर्षी पोळ्याला वडिलांनी मातीचे बैल पूजले आणि पेरणीला शेजाऱ्याचे पाय धरले. ताठ मानेचा माझा बाप कोणापुढे वाकलेला मी तेवढाच पाहिला. मी पशुवैद्य झालो, त्याचे मूळ तेथे आहे.

हीच बुळकांडी १८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या तांबड्या समुद्राकडील किनाऱ्यावर उतरली. इटालियन सैन्यासाठी बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर ती आली, आणि ती गुरे हिंदुस्थानातली होती, असे मानले जाते. दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. दहांतली नऊ गुरे मेली. रानरेडे मेले, वाइल्डबीस्ट मेले. मसाई लोक गुरांवर जगणारे. गुरे गेली, मग माणसे उपासमारीने आणि देवीच्या साथीने गेली. त्या काळाला ते 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सर्वनाश. जहाजांतून माल उतरतो त्याबरोबर आणखीही काही उतरते, असे मी म्हणालो ते हे.

पुढे लस निघाली. पहिली उपयुक्त लस १९२० नंतरच्या दशकात आपल्याच कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बकऱ्यांच्या साहाय्याने तयार केली. १९६० च्या सुमारास केनियात प्लौराइट यांनी तिच्याहून निर्धोक लस सिद्ध केली. सेरेंगेटीभोवतीच्या गावांतील गुरांना लस टोचली गेली, आणि १९६३ पर्यंत वाइल्डबीस्टमधला रोग नाहीसा झाला. त्यांतल्या एकालाही कोणी सुई लावली नव्हती! रोग जंगलात राहत नव्हता. तो गोठ्यातून जंगलात जात होता. १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. त्यांनी गवत खाल्ले, म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी झाले, म्हणून झाडे वाढली. सिंहांनाही अन्न मिळाले. आज जगभरचे लोक जे पाहायला जातात, ते निसर्गाने केले हे खरे, पण त्याआधी गुराख्यांनी आपली गुरे दोरीला धरून सुईपुढे उभी केली, हेही तितकेच खरे.

आणि या गुराख्यांचे काय झाले? १९५९ साली सेरेंगेटी उद्यानातून मसाई लोकांना बाहेर काढण्यात आले व न्गोरोन्गोरोचा वेगळा टापू करून तेथे राहण्याची मुभा देण्यात आली. माणसे आणि वन्य पशू एकत्र नांदू शकत नाहीत, असे ज्यांचे आग्रहाचे मत होते, त्यांत ज्यांच्या समाधीपुढे मी टोपी काढली ते ग्झिमेकही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्यांतली एक आपल्यापासून लपवीत नाही. उद्यानात मोरू नावाचे खडक आहेत. तेथे एका कपारीत मसाई तरुणांनी काढलेली ढालींची लाल-पांढरी चित्रे अजून आहेत. आम्ही ती पाहिली. भोवती चिटपाखरू नव्हते.

परतताना सारथ्याने आम्हांला एका मसाई वस्तीवर नेले. पाहुण्यांनी पैसे द्यावेत, वस्तीने नाच दाखवावा, असा तेथे रिवाज पडला आहे. सौभाग्यवती मण्यांच्या माळा पाहू लागल्या आणि मी हळूच मागच्या काटेरी कुंपणाकडे सरकलो. आत वासरे होती. एकाच्या डोळ्याला पाणी येत होते. मी वाकून त्याची पापणी उलटून पाहिली, जबडा उघडून हिरड्या पाहिल्या. मागे कोणी उभे आहे असे वाटले, म्हणून वळलो. लाल वस्त्र पांघरलेला सत्तरीचा एक वृद्ध काठीवर रेलून माझ्याकडे पाहत होता. त्याने सारथ्याला विचारले, "हा कोण?" सारथी म्हणाला, "म्झे, हे गुरांचे डॉक्टर आहेत, हिंदुस्थानातले." 'म्झे' म्हणजे आपण आजोबा म्हणतो, तसे. वृद्धाने नाच करणाऱ्यांकडे पाठ फिरवली आणि मला शेजारी बसवून घेतले.

सारथ्याच्या तोंडून आमचे बोलणे झाले. बुळकांडीला त्यांच्यात 'ओलोदुआ' म्हणतात. लस टोचणारे आले तेव्हा हा पोरसवदा होता आणि गुरांच्या दोऱ्या त्याने धरल्या होत्या. त्याचा जन्म मोरूच्या खडकांपाशी झाला होता. मी म्हणालो, "आम्ही काल त्या ढाली पाहिल्या." तो म्हणाला, "तू पाहिल्यास. माझ्या नातवाने पाहिल्या नाहीत." त्याच्या स्वरात राग नव्हता. मला काय बोलावे ते सुचले नाही.

मग काय झाले कोण जाणे, अडतीस वर्षे मी जे कोणाला, सौभाग्यवतींनाही, सांगितले नव्हते, ते त्या परक्या माणसाला सांगितले. तेच आज आपणांस सांगतो.

१९७४ च्या पावसाळ्यात एका वाडीवर मी लस घेऊन गेलो. बर्फाचा डबा बरोबर होता. वाटेत नदीला पूर आला आणि चार-पाच तास अलीकडेच बसावे लागले. वाडीवर पोचून डबा उघडला, तो बर्फाचे पाणी झालेले आणि पाणी कोमट. लस गेली, हे मला कळले. परंतु महिनाभर विनवण्या करून लोक जमा केले होते; आज परत पाठवले तर पुन्हा येणार नाहीत, वरिष्ठांना आकडेही द्यायचे होते. मी पाणी ओतून दिले आणि तीच लस सर्व गुरांना टोचली. तीन महिन्यांनी वाडीत बुळकांडी आली. अकरा जनावरे गेली. पुढच्या वर्षी मी गेलो, तर लोकांनी गुरे रानात लपवली. मी अहवालात लिहिले, 'लोकांच्या अज्ञानामुळे प्रतिसाद नाही.'

वृद्धाने सगळे ऐकले. त्याने एवढेच विचारले, "त्या वाडीला हे सांगितलेस का?"

मी म्हणालो, "नाही."

तो काही बोलला नाही. वासराच्या डोळ्याला काय लावावे, ते त्याने मला विचारले. मी सांगितले.

परत आल्यावर त्या मे महिन्यात मी वाडीवर गेलो. ज्या घरची तीन जनावरे गेली होती, तेथे तेव्हाचा पोरगा आता पन्नाशी उलटलेला कर्ता पुरुष होता. त्याला मी सर्व सांगितले. तो ऐकून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही डब्यातले पाणी ओतलेत, ते माझ्या आईने पाहिले होते. बर्फ नसला तर लस मरते, हे तुम्हीच आदल्या खेपेला सांगितले होते की आम्हांला! म्हणून तर पुढच्या वर्षी गुरे लपवली." मग त्याने चहा मागवला. मी ज्याला चार दशके अज्ञान म्हणत होतो, ते माझेच शिकवणे होते. त्या माउलीने ते माझ्यापेक्षा अधिक मनावर घेतले होते.

श्रोतेहो, २०११ साली बुळकांडी जगातून समूळ नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. आपल्याकडील शेवटची साथ १९९५ ची. आणि ज्या २००६ साली मी सेवानिवृत्त झालो, त्याच साली भारत रोगमुक्त ठरला. जगातला शेवटचा रोगी २००१ साली केनियात मेरूच्या राष्ट्रीय उद्यानात सापडला. तो एक रानरेडा होता. हे कसे साधले? एकदा टोचले की जनावराला जन्मभर संरक्षण मिळते, आणि बरे झालेले जनावर रोग बाळगून राहत नाही, ही दोन कारणे तर आहेतच. पण शेवटचा गड पडला तो १९९० च्या सुमारास निघालेल्या, महिनाभर बर्फावाचून टिकणाऱ्या लशीने. ती लस आफ्रिकेतील दुर्गम भागांत पदवीधर डॉक्टरांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या गुराख्यांनीच स्वतःच्या गुरांना टोचली. बर्फाची गरज संपली आणि माझ्यासारख्या मध्यस्थाचीही संपली. जनावर कोणत्या दिवशी कोठे चरते, हे गुराख्याला ठाऊक. त्याच्यावर भरवसा टाकला, तेव्हा काम झाले.

२०२२ साली आपल्या राज्यात गुरांमध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा लोक लस नको म्हणतात, अशी तक्रार मी पुन्हा ऐकली. तक्रार करणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी एकच विचारले, "ते का नको म्हणतात, हे तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसून विचारले आहे काय?" त्याच वर्षी जूनमध्ये सेरेंगेटीच्या कडेच्या लोलिओंडो भागात चराईच्या जमिनीवर हद्दीचे खांब रोवण्यावरून मसाई लोक आणि पोलीस यांच्यांत झटापट झाल्याच्या बातम्या वाचल्या. तो वृद्ध आज हयात आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्याचा नातू आता मोठा झाला असेल.

आपल्यांपैकी पुष्कळ जण आता अशा प्रवासाला जातात, अवश्य जावे. सिंह पाहावेत, झोपलेले का होईनात. बिबट्याची निदान शेपटी पाहावी. पण समोरचा कळप पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की, त्या माळाच्या कडेला कोणीतरी एके काळी आपली गाय दोरीने धरून उभी केली होती, आणि तो माणूस आता त्या माळावर नाही. आपल्याकडच्या अभयारण्यांत गेलात, तर तेथेही कडेच्या गावात उतरून चहा घ्यावा आणि चार शब्द बोलावेत. जे समजेल, ते मोटारीतून समजणार नाही.

आपण इतका वेळ न उठता ऐकून घेतलेत. आरंभी जी शंका मी घेतली होती, ती मागे घेतो आणि आपली रजा घेतो.